मे महिन्यात मराठवाड्यातून कोकण: आधी तिथी बघा, खोली नंतर

लातूर असो, नांदेड असो की जालना, कोकणची सहल बहुतेक घरांत एकाच पद्धतीने ठरते. लग्नसराईतून एखादी मोकळी तारीख सापडते. कुणीतरी मोबाईलवर समुद्र दिसणारी खोली बुक करतं, गाडी सांगितली जाते आणि रात्री नऊला जेवून सगळे निघतात. भरती किती वाजता आहे, किल्ल्याच्या होड्या सुरू आहेत का, घाट दिवसा लागेल की अंधारात, हे सगळं तिथे पोहोचल्यावर कळतं. मग दुपारच्या उन्हात वाळू तुडवायची, किल्ला लांबून बघायचा आणि पोरं ऐकत नाहीत म्हणून त्यांना ओहोटीच्या पाण्यात सोडायचं. पहिल्या दोन गोष्टींनी सहल वाया जाते, तिसरी जिवावर बेतते.

म्हणून क्रम उलटा करा. आधी तारीख, तीही कॅलेंडरवरची तिथी बघून. मग ठिकाण, मग रस्ता, आणि खोली त्यानंतर. खाली त्याच क्रमाने एकेक टप्पा दिला आहे.

टप्पा १: रोहिणी निघण्याआधी घरी परत

आपल्याकडे २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र निघतं आणि शेतकऱ्याचं लक्ष आभाळाकडे लागतं. कोकण किनाऱ्यावरही हीच तारीख महत्त्वाची आहे. साधारण याच सुमारास मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते ऑगस्टअखेरपर्यंत. पुढे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. म्हणजे ‘शाळा पंधरा जूनला उघडणार, आपण जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ’ हा हिशेब कोकणाला लागू पडत नाही.

पावसावरही विसंबू नका. मान्सून कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो असं आपण धरून चालतो, पण २०२५ मध्ये तो २५ मेलाच सिंधुदुर्गात उतरला. २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ १७ मेच्या आसपास याच किनाऱ्याजवळून गेलं आणि २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पाऊस सुरू झालेला नसला तरी मेच्या शेवटच्या आठवड्यात वारा फिरतो, लाटा उंच होतात आणि पाणी गढूळ दिसायला लागतं.

माझं मत विचाराल तर मेचा दुसरा आठवडा सगळ्यात चांगला. हापूस अजून भरात असतो, रातांबे (कोकमाची फळं) आणि करवंदं आलेली असतात, फणस असतो, होड्या चालू असतात. ज्यांची शेती आहे त्यांना परत आल्यावर मशागतीला आणि मृगाच्या तयारीला पुरेसे दिवसही राहतात.

> तपासून घ्या: निघण्याच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा कोकण विभागाचा अंदाज रोज बघा. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी असेल, तर आगाऊ दिलेल्या पैशाचा मोह सोडून तारीख पुढे ढकला.

टप्पा २: तिथीवरून भरतीची वेळ काढा

या टप्प्यावर बाकी सगळं अवलंबून आहे, आणि नेमका हाच कुणी करत नाही.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरती पूर्ण झाल्यावर साधारण सहा तास पाणी उतरतं, मग पुन्हा सहा तास चढतं. रोज ही वेळ जवळपास पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून किनाऱ्यावरची माणसं एक सोपा हिशेब करतात: तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊणने गुणा, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, आकडा तोच. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधरा धरायचे.

चतुर्थी घ्या. चार पाऊणे तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा: भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी.

हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबई-अलिबागपेक्षा थोडी आधी येते. तारीख ठरवायला हा हिशेब पुरतो. प्रत्यक्ष किनाऱ्यावर गेल्यावर त्या दिवसाची नेमकी वेळ स्थानिकांना विचारायचीच.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्या पुढचे दोन दिवस उधाणाची भरती असते: पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि वेगाने धावतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते: पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी असते.

आता हे आपल्या सहलीला लावा. मे महिन्यात मुलं पाण्यात उतरणार ती दुपारी चारनंतर, ऊन उतरल्यावर. अष्टमी ते एकादशी या तिथींना त्या वेळी पाणी चढत असतं, आणि त्यातल्या पहिल्या दिवसांत जोरही कमी असतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर हेच दिवस निवडा. पौर्णिमेला नेमकं उलटं होतं. दुपारी बाराच्या सुमारास पाणी पूर्ण भरतं आणि चारनंतरही, संध्याकाळच्या पूर्ण ओहोटीपर्यंत, ते आत ओढत परतत असतं. आणि लोक जातात कधी? बुद्धपौर्णिमेची सुट्टी धरून, चांदण्यात समुद्र बघायला. चांदणं जरूर बघा, पण वाळूवर बसून. पाण्यात उतरायचे दिवस वेगळे.

ओहोटीत बघायच्या जागांसाठी दुसऱ्या तिथी बऱ्या. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ-नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी येते, तेव्हा जाऊन पाणी चढायच्या आत आणि ऊन तापायच्या आत परत येता येतं.

> सावध: कुलाबा किल्ला असो की हरिहरेश्वरची समुद्राकाठची प्रदक्षिणा, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी सुरुवात करा आणि पाणी पुन्हा चढायला लागण्याआधी बाहेर पडा. हरिहरेश्वरला देवळामागे पायऱ्या उतरून खडकांवर गेल्यावर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असतो. भरती लागलेली असताना तिथे उतरायचंच नाही. ‘एवढं लांबून आलोय’ हे कारण लाटेला चालत नाही.

टप्पा ३: आपल्या जिल्ह्याला जवळचा किनारा निवडा

एकाच सहलीत अलिबाग ते मालवण करायचा हट्ट धरू नका. नकाशावर किनारा सलग दिसतो, पण खाड्या ओलांडत जाताना शंभर किलोमीटरला चार-पाच तास सहज लागतात. तीन मुक्कामांत एकच पट्टा बघा.

छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीडच्या लोकांना रायगडचा किनारा सोयीचा. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावला आलं की पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. अलिबाग आणि मुरूड करायचं असेल तर पुण्याहून खोपोली, पेणमार्गे.

लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी, हिंगोलीकरांसाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा नागपूर-रत्नागिरी महामार्ग थेट रत्नागिरीला उतरतो. मालवण-तारकर्लीला जायचं तर कोल्हापूरहून गगनबावडा किंवा फोंडा घाटाने कणकवलीकडे उतरायचं. चिपळूण, गुहागर आणि दापोलीकडचं ठिकाण असेल तर कराडहून कुंभार्ली घाट.

गणपतीपुळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मराठवाड्यातली सगळ्यात जास्त माणसं तिथेच जातात. दर्शन जरूर घ्या, पण तिथला समुद्र आंघोळीचा नाही. पाणी पटकन खोल होतं, ओढ जास्त आहे आणि माणसं बुडण्याच्या घटना तिथे वारंवार घडल्या आहेत. त्यात संकष्टीला गर्दी असते, आणि चतुर्थीच्या दिवशी दुपारी तीननंतर ओहोटी लागते. दर्शन करून समुद्रात उतरायची लोकांची वेळही नेमकी तीच. संकष्टीला जाणार असाल तर पायसुद्धा काठावरच भिजवा.

टप्पा ४: रस्ता असा आखा की घाट उजेडात लागेल

लातूरहून रत्नागिरी पाचशे किलोमीटरच्या आत-बाहेर, नांदेडहून सहाशेच्या वर. एका दमात जायचं म्हणून लोक रात्री निघतात. मग ड्रायव्हरचे डोळे सगळ्यात जड झालेले असतात, त्या पहाटेच्या वेळी कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा आंबा घाट येतो. हा बेत सोडा.

लातूरकडच्यांनी पहाटे चारला निघावं, सोलापूरला नाश्ता करावा, दुपारचं ऊन गाडीत काढून चारपर्यंत कोल्हापूर गाठावं आणि तिथे मुक्काम करावा. संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन होतं. दुसऱ्या दिवशी सहाला निघालं की घाट सकाळच्या उजेडात उतरता येतो आणि अकराच्या आत समुद्र दिसतो. संभाजीनगर-जालन्याच्या लोकांनी पुण्याला मुक्काम करून ताम्हिणी सकाळी उतरावा.

आपल्या ड्रायव्हर मंडळींना सरळ रस्त्याची सवय असते, त्यामुळे उतारावर ब्रेक दाबून धरण्याची चूक फार होते. ब्रेक तापतात, करपट वास येतो आणि मग ते लागेनासे होतात. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवायचा विचारही नको. वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका.

> तपासून घ्या: टायरमधली हवा गाडी थंड असताना, निघण्याआधी भरा. सोलापूर रस्त्यावर भर दुपारी डांबर तापलेलं असतं, टायर जुने असतील तर फुटायची वेळ तीच. स्टेपनी आणि जॅक उतरवून बघा, नुसते आहेत म्हणून सोडू नका. आणि जो घाट ठरवलाय तो चालू आहे का, हे आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा. रुंदीकरणासाठी घाट बंद असतात आणि मोबाईलवरचा नकाशा ते दर वेळी दाखवतोच असं नाही.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी: नांदेड-पनवेल एक्सप्रेस पनवेलला सोडते, तिथून कोकण रेल्वेची गाडी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी जात असल्यामुळे कोकणच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात. म्हणून आधी कोकण रेल्वेचं तिकीट काढा आणि त्याला जुळेल असं नांदेड-लातूरचं नंतर. उलट केलं की पनवेलच्या फलाटावर बसायची वेळ येते. दोन गाड्यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवा. उतरायची स्टेशनं: दिवेआगर-श्रीवर्धनसाठी माणगाव, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, मालवणसाठी कुडाळ.

एसटीने जाणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. आजी-आजोबांचं आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, वर ठेवा.

टप्पा ५: खोली घेताना फोनवर विचारायचे प्रश्न

आता खोली. फोटो बघून नव्हे, बोलून ठरवा. विचारायचं एवढंच: किनारा चालत किती मिनिटांवर आहे, खोलीला इन्व्हर्टर आहे का, पाणी दिवसभर असतं का, जेवण घरी करतात का आणि किती वाजेपर्यंत सांगायचं.

पाण्याचा प्रश्न ऐकून अनेकांना नवल वाटतं, कारण कोकणात धो-धो पाऊस पडतो हेच आपण ऐकलेलं असतं. पण तो पाऊस समुद्राला मिळतो आणि मेमध्ये तिथल्या कितीतरी गावांच्या विहिरी तळाला जातात. टंचाई काय असते हे आपल्याला सांगायला नको. समुद्रावरून आल्यावर चार जणांनी अर्धा-अर्धा तास शॉवर सोडून ठेवणं आपल्या माणसांना शोभत नाही. अंगावरची वाळू बाहेरच्या नळावर काढा आणि मग बादलीने आंघोळ करा.

जेवणाचं आधी स्पष्ट बोला. घरात माळकरी असतील, मासे-मटणाचं भांडंही चालत नसेल, तर बुकिंग करतानाच सांगा. कोकणात शुद्ध शाकाहारी घरगुती खानावळी चांगल्या आहेत, पण ऐन वेळी रात्री आठला सांगून सोय होत नाही. बहुतेक घरी सकाळी अकराच्या आत दुपारचं आणि चारच्या आत रात्रीचं जेवण सांगावं लागतं, कारण नारळ खवण्यापासून सगळं तेव्हाच सुरू होतं. ज्वारीची भाकरी मिळणार नाही, तांदळाची मिळेल. ती गरमच खा, गार झाली की आवळते.

टप्पा ६: सामान, कारण ते ऊन आपलं ऊन नव्हे

आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. किनाऱ्यावर तो ३३-३५ च्या आसपास असतो, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच आजारी पडतात. मराठवाड्यातलं ऊन कोरडं असतं, घाम आला की वाळतो आणि अंग गार पडतं. समुद्राकाठी हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही. अंगावरून वाहत राहतो, मीठ जातं, डोकं जड होतं. तहान मात्र तेवढी लागत नाही, कारण ओठ सुकत नाहीत. म्हणून तहानेची वाट न बघता दर तासाला पाणी प्यायचं आणि दिवसातून दोनदा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस. तिथलं कोकम सरबत याला उत्तम, त्यातही मीठ घालून मागा.

कपडे सैल आणि सुती घ्या. जीन्सची पँट ओली झाली की मांड्या सोलवटतात आणि दोन दिवस वाळत नाही. साडी नेसून पाण्यात उतरणाऱ्या आया-बहिणींना कळकळीने सांगतो: पाण्यात जायचं तर पंजाबी ड्रेस घाला. लाट परतताना साडी पायात गुंडाळते, मग गुडघाभर पाण्यातही उठता येत नाही.

घरून नेण्याच्या खाण्याबद्दल. आपले धपाटे इथल्या कोरड्या हवेत तीन दिवस राहतात, कोकणात दुसऱ्याच दिवशी चिकट होतात आणि तार धरतात. ते जातानाच्या प्रवासात संपवा. दशम्यांचंही तेच. पुढच्या दिवसांसाठी शेंगदाण्याची किंवा कारळाची कोरडी चटणी, भाजके शेंगदाणे, गूळ असं न्या, आणि तेही घट्ट झाकणाच्या डब्यात. कागदाच्या पुडीतली चटणी एका रात्रीत ओलसर होते.

औषधांत ओआरएसच्या पुड्या, घाट लागतो त्यांच्यासाठी मळमळीची गोळी (घाटाच्या अर्धा तास आधी द्यायची, उलटी झाल्यावर नव्हे), घामोळ्यांची पावडर, डेटॉल आणि पट्ट्या. खडकांवरचे शिंपले पाय कापतात, म्हणून पट्ट्याच्या चपला प्रत्येकाच्या पायात हव्यात. अंगठ्याची स्लीपर वाळूतच राहते.

टप्पा ७: किनाऱ्यावरचा दिवस

दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सूर्यास्त. मधला वेळ सावलीत, जेवणात, झोपेत. दुपारी बाराला पाण्यात उतरणाऱ्यांची पाठ रात्री पेटते, कारण वरून ऊन आणि खालून पाण्यावरून उलटलेलं ऊन, दोन्ही लागतं.

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं काठावर उभं राहून बघायचं. ही सवय मुलांना लावा, पुढे कुठल्याही समुद्रावर कामी येते.

पहिलं, वाळूवर काटक्या, शेवाळ आणि कचऱ्याची एक रेघ दिसेल. मागची भरती तिथपर्यंत आली होती. लाटा त्या रेघेकडे सरकत असतील तर पाणी चढतंय. रेघेच्या खाली रुंद ओली, चकचकीत वाळू उघडी पडत चालली असेल तर ओहोटी लागलीय. खात्री हवी असेल तर ओल्या वाळूच्या कडेला एक काटकी रोवा आणि पंधरा मिनिटांनी बघा.

दुसरं, लाटांची रांग नीट बघा. सगळीकडे लाटा फुटून पांढरा फेस येतोय आणि मधल्याच एका पट्ट्यात फेस नाही, पाणी शांत आणि गडद दिसतंय, असं असेल तर तिथे जाऊ नका. नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यात सुरक्षित वाटते आणि लेकरांना घेऊन तो तिथेच उतरतो. प्रत्यक्षात लाटांनी आणलेलं पाणी त्याच वाटेने आत परतत असतं.

तिसरं, तिथल्या माणसाला विचारा. जीवरक्षक असेल तर त्याला, नसेल तर टपरीवाल्याला किंवा जाळी विणत बसलेल्या कोळ्याला. ‘काका, आत्ता पाणी कसं आहे? कुठे उतरू?’ एवढं विचारायला आपल्याला संकोच का वाटावा? ते सांगतात त्यापुढे आपल्या विहिरीत पोहण्याचा अनुभव लावू नका. विहिरीचं पाणी एका जागी असतं. समुद्रात चांगला पोहणारा माणूसही दमूनच बुडतो.

पाण्यात मर्यादा एकच: मोठ्यांना मांडीपर्यंत, मुलांना गुडघ्यापर्यंत, आणि प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर. फोटो काढणारा माणूस मुलांवर लक्ष ठेवणारा धरायचा नाही. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही.

> सावध: कुणी आत ओढला गेलाच, तर त्याने किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न करू नये. अंग सैल सोडून तरंगावं, हात वर करावा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकावं. ओढणारा पट्टा रुंदीला कमी असतो, बाजूला सरकलं की सुटका होते. काठावरच्यांनी एकामागोमाग उड्या टाकू नयेत, अशाने एकाऐवजी चार जण जातात. रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, ट्यूब, दोर, जे तरंगेल ते फेका, आरडाओरडा करून कोळ्यांना बोलवा आणि ११२ ला फोन लावा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बंद आवळून बांधा. नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं. होडी भरलेली दिसली तर पुढच्या होडीची वाट बघा.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू वरून टणक दिसते, पण चाक एकदा फिरलं की खाली भुसभुशीत लागते, आणि जितकी रेस द्याल तितकी गाडी खाली बसते. तेवढ्यात भरती लागली तर गाडी गेली. कितीतरी किनाऱ्यांवर याला बंदी आहे आणि पोलीस गुन्हाही दाखल करतात.

टप्पा ८: आंबे शेवटच्या दिवशी, आणि पेटी तळापर्यंत उघडून

घाट उतरल्या-उतरल्या रस्त्याकडेच्या पेट्या दिसतात आणि लोक पहिल्याच दिवशी घेऊन टाकतात. मग तीन दिवस त्या तापलेल्या डिकीत. आंबे परतीच्या सकाळी घ्या, शक्यतो राहिलात त्या घरमालकाच्या ओळखीच्या बागेतून.

पिकलेला आंबा नेऊ नका, तयार पण कडक असलेला न्या. तयार आंब्याचे खांदे देठाच्या वर आलेले असतात आणि देठ किंचित खळग्यात बसलेला दिसतो. देठाजवळ वास घ्या. सगळा आंबा एकसारखा पिवळाधमक आणि वास मात्र नाही, असं असेल तर तो रसायनाने पिकवलेला असण्याची शक्यता जास्त. आत साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) आहे का हे वरून कुणालाच कळत नाही, म्हणून पेटी घेण्याआधी त्यातलाच एक, तुम्ही निवडाल तो, कापून मागा. वरच्या थरात मोठी फळं आणि खाली बारकी, ही लबाडी जुनी आहे. तळापर्यंत बघा, डझन मोजा. नुसत्या ‘देवगड’ छापलेल्या पुठ्ठ्यावर विश्वास ठेवू नका.

परतीच्या रस्त्यावर पेटी डिकीत नको, गाडीत पायाशी ठेवा आणि वर बॅगा रचू नका. सोलापूरच्या उन्हात जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा आणि काचा जरा खाली ठेवा. बंद गाडीत दोन तासांत आंबा शिजतो. वरून कळत नाही, आतून काळा पडतो.

घरी आल्याबरोबर पेटी सोडा आणि पेंढ्यात आढी घाला, आपल्या केसरला घालतो तशीच. पेंढा नसेल तर वर्तमानपत्रावर एका थरात, फळं एकमेकांना न चिकटवता. रोज सकाळी उलटून बघा, डागाळलेला वेगळा काढा. पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. खाण्याआधी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा.

सोबत आमसुलं घेतलीत तर चुरून बघा, ओलसर आणि जांभळट-काळी असावीत. आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस) आणि गोड कोकम सरबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलकढीला आगळ लागतं, त्यात मीठ असतं. सुकी मासळी घेणार असाल तर दुहेरी पिशवीत बांधून गाडीच्या टपावर, नाहीतर आंब्यालाही तोच वास.

आणि गाडी दारात लागल्यावर दुसऱ्याच दिवशी खालून धुवायला न्या, फक्त वरून नव्हे. चाकांच्या आतली बाजू, सायलेन्सर, चेसिसचे कोपरे साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने. खारी हवा आणि वाळू तिथे चिकटून राहते आणि पहिला पाऊस पडला की गंज धरते.